द्वितीयेआधीचे तीन दिवस

“...आणि उद्याही नाही?”

“उद्या अमावास्या. नाही,” गुरुजी म्हणाले.

“परवा?”

“प्रतिपदा. नाही.”

“तेरवा परीक्षा आहे, गुरुजी.”

“द्वितीयेला. ठाऊक आहे.”

त्र्यंबकगुरुजी ओसरीवर बसून टकळीवर जानव्याचं सूत कातत होते. हेरंब समोर उभा होता. चौदा वर्षांत तो गुरुजींसमोर असा उभा राहून बोललेला मी पाहिला नव्हता. बोलायचं तर बसून, हात जोडून. त्या दिवशी हात मागे होते.

मी आत चुलीपाशी. वेळशेतच्या वेदपाठशाळेत मी आलो होतो शिकायलाच, पण चार सूक्तांपुढे माझी गाडी गेली नाही. तेव्हा गुरुजींनी एक दिवस न रागावता माझ्या हातात पळी दिली आणि म्हणाले, “बापू, तू हे बघ.” तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे. त्यामुळे पुढचं सगळं मी माजघराच्या दारातून पाहिलेलं आहे.

चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा हे आमच्याकडे अनध्यायाचे दिवस. त्या दिवशी वेद म्हणायचा नाही, म्हणून घ्यायचा नाही, शिकवायचा तर नाहीच. इतर वेळी मुलं या सुट्टीची चातकासारखी वाट बघतात. पण परीक्षा नेमकी वैशाख शुद्ध द्वितीयेला असते. म्हणजे परीक्षेच्या आधीचे तीन दिवस, जेव्हा जगातला प्रत्येक विद्यार्थी पुस्तकात डोकं खुपसून बसतो, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यानं तोंड बंद ठेवायचं.

“बाकीच्या पाठशाळांत परीक्षेच्या महिन्यात अनध्याय पाळत नाहीत,” हेरंब म्हणाला.

“त्यांना विचारून आलास?”

“हो.”

“मग परीक्षेलाही त्यांच्याकडूनच बस.”

मला आत हसू आलं. हेरंबला आलं नाही.

“तीन दिवस मी करू काय?”

“सुपारी सोलायची पडलीय. बापूला नारळ खवून दे. झोप काढ.”

“गुरुजी...” त्याचा आवाज एकदम खाली आला. “मी विसरेन.”

टकळी थांबली. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, सकाळपासून तो पहिल्यांदाच खरं बोलला होता आणि ते दोघांनाही कळलं होतं.

“चौदा वर्षांचं तीन दिवसांत जातं?”

“गेल्या वर्षी गेलं.”

गुरुजींनी पुन्हा टकळी फिरवली. 

गेल्या वर्षीचं सांगायला हवं. परीक्षा होती घनपाठाची; ती उतरली की माणसाला घनपाठी म्हणतात. घनपाठ म्हणजे वेदातले शब्द पुढे-मागे, उलटसुलट गुंफत म्हणत जायचे. समोर कागद नाही, पुस्तक नाही. परीक्षक म्हणतील तिथून सुरू करायचं आणि ते थांबवतील तिथे थांबायचं. आमच्या भागातल्या परिषदेचे नियम दोनच आणि दोन्ही कडक. वाट चुकून चुकीचं म्हणत पुढे गेलात की नापास. आणि या परीक्षेला आयुष्यात दोनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा कोणी मंत्र्याची चिठ्ठी आणली तरी बसू देत नाहीत.

एक ओळ अशी आहे की ती दोन सूक्तांत जशीच्या तशी येते. एका सूक्तात तिच्यानंतर एक वाट, दुसऱ्यात दुसरी. म्हणताना भान सुटलं की माणूस या सूक्तातून त्या सूक्तात अलगद जाऊन पडतो, आणि पडलो हे त्याला कळतही नाही. गेल्या वर्षी हेरंब तिथेच पडला. परीक्षकांनी हात वर केला तेव्हा तो सात ओळी पुढे गेला होता. डोळे मिटून, मोठ्या तोऱ्यात.

आणि तोरा होताच. खोटं कशाला सांगू? पाठशाळेत त्याच्यासारखा आवाज नव्हता, त्याच्यासारखं पाठांतर नव्हतं. लहान मुलं त्याला बघून उठून उभी राहायची आणि ते त्याला आवडायचं.

आता उरली होती एकच खेप. ही गेली की झालं. वयाच्या आठव्या वर्षी घर सोडलेला मुलगा बाविसाव्या वर्षी चिपळूणला वडिलांच्या दुकानात वह्या-पेनं विकायला बसणार. दुकान वाईट नाही, वडीलही वाईट नाहीत. पण हेरंब तिथे बसला तर आतून मोडेल हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं.

त्या भीतीपोटी त्यानं पंधरा दिवस काय चालवलं होतं! रोजचे आठ तास म्हणायचा ते दहा केले, दहाचे बारा, बाराचे चौदा. खोलीच्या दारामागे कोळशानं तक्ता काढला होता. कुठल्या तासाला किती म्हणायचं, कुठलं किती वेळा. जेवताना घास हातात आणि ओठ हलतायत. मी आमटी वाढली का भात वाढला, त्याला पत्ता नसायचा. एकदा मी पानात नुसतं मीठ वाढून पाहिलं. त्यानं ते बोटानं उचललं, तोंडात घातलं, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा थट्टा केली नाही.

असं असताना गुरुजी म्हणत होते, सुपारी सोल.

चतुर्दशीला जेवणं झाली आणि हेरंब दिसेनासा झाला.

आला तो उन्हं कलल्यावर. धोतराला वाळू, पाय ओले.

“कुठे होतास रे?” मी विचारलं.

“समुद्रावर. वारा खायला.”

‘वारा’ म्हणताना त्याचा आवाज फाटला. मी ज्येष्ठमधाचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो मुकाट्यानं गालात धरला.

संध्याकाळी पानावर बसल्यावर गुरुजी म्हणाले, “वारा बराच झोंबलाय घशाला.”

हेरंबनं मान वर केली नाही.

अमावास्येला सकाळी तो पुन्हा गेला. मी चुलीसाठी वाळलेल्या काटक्या आणायला सुरूच्या बनात गेलो होतो. तिथे बनाच्या पलीकडे, पाण्याच्या अगदी कडेला तो बसलेला दिसला. पाठ ताठ, डोळे मिटलेले, तोंड समुद्राकडे. म्हणत होता. जोरजोरात म्हणत असावा, कारण मानेच्या शिरा फुगलेल्या मला लांबून दिसत होत्या. पण भरतीची वेळ होती. लाट फुटली की त्याचा आवाज पार बुडून जायचा.

जागा त्यानं अक्कलहुशारीनं निवडली होती. पाठशाळेपर्यंत एक अक्षर पोचणार नाही अशी.

मी जवळ गेलो तेव्हा त्यानं डोळे उघडले.

“बापू, सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू?”

आणि सांगितलं नाही. मैत्रीपोटी नाही सांगितलं असं मी पुढे बरेच दिवस म्हणत असे. खरं म्हणजे मला भांडणाची भीती वाटते.

सांगायची गरजही पडली नाही.

दुपारी चहा झाल्यावर गुरुजींनी हाक मारली. “हेरंब, इकडे ये. बस.”

तो बसला.

“म्हण.”

“...काय?”

“तीच जागा. ओळीच्या आधीपासून सुरू कर.”

हेरंब गडबडला. “गुरुजी, आज अमावास्या आहे.”

“तुला आहे का अमावास्या?”

त्याचे कान लाल झाले. मी दारात होतो तो अर्धा आत सरकलो.

गुरुजींनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, आचमन केलं आणि मांडी ठोकून बसले. “मीही ऐकतो. दोष लागायचा तो दोघांना लागू दे. म्हण.”

माझ्या अंगावर काटा आला. या माणसाला मी तापात फणफणताना शिकवताना पाहिलं होतं, बायको गेली त्या महिन्यात शिकवताना पाहिलं होतं. पण अनध्यायाला त्यांनी कधी कान उघडला नव्हता.

हेरंबनं सुरुवात केली. आवाज बसला होता तरी सुरेख होता. गुरुजी गुडघ्यावर बोटानं ताल धरून ऐकत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. चार सूक्तांचा धनी मी! मी आपला त्या बोटाकडे बघत होतो.

मध्येच बोट थांबलं.

हेरंब म्हणतच होता. डोळे मिटलेले, मान डोलतेय. गुरुजींनी त्याला अडवलं नाही. हातही वर केला नाही. तो म्हणत राहिला आणि ते ऐकत राहिले. चांगला पाव तास गेला असेल.

अखेर तो थांबला. कपाळाचा घाम पुसला. चेहऱ्यावर समाधान होतं.

“झालं?” गुरुजी म्हणाले.

“झालं.”

“निघालास कुठून?”

हेरंबनं सूक्ताचं नाव सांगितलं.

“आणि आत्ता कुठे आहेस?”



त्याचं तोंड उघडं राहिलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं ते मला दारातून दिसलं. माणूस घरी म्हणून दार ढकलतो आणि आत परकी माणसं जेवत बसलेली दिसतात, तसं झालं त्याचं.

“पुन्हा म्हणतो.”

“म्हण.”

पुन्हा म्हटलं. बोट पुन्हा त्याच जागी थांबलं.

“आणखी एकदा, गुरुजी.”

“म्हण.”

या खेपेला तो ओळ आल्यावर हळू झाला. त्याला माहीत होतं की इथेच आहे. दात आवळले, मुठी आवळल्या, आणि तरीही जीभ त्याच चुकीच्या बाजूला वळली. ते त्यालाही ऐकू आलं. तो तिथेच गप्प झाला.

“जीभ... जीभच वळते,” तो म्हणाला. “मला ठाऊक आहे बरोबर काय आहे. तरी वळते.”

“समुद्रावर किती वेळा म्हटलंस?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “काल वीसेक. आज पुन्हा तितकंच.”

“चाळीस. ऐकलं कोणी?”

“कोणी नाही.”

“तू?”

हेरंबची नजर समुद्राच्या दिशेला गेली.

“तू ऐकलंस का, ते विचारतोय.”

“...लाटांचा आवाज होता.”

गुरुजींनी एक लांब श्वास घेतला. “म्हणजे चाळीस वेळा चूक पाठ केलीस. आणि तुझं पाठांतर तर पक्कं.”

बावीस वर्षांचा तो आडदांड मुलगा ओसरीवर बसून रडायला लागला. मला त्याचा राग होता, त्याच्या तोऱ्याचा चांगला वर्षानुवर्षांचा राग होता. पण तेव्हा मी पाण्याचा पेला भरून त्याच्याजवळ सरकवला.

“मी शंभर वेळा बरोबर म्हणतो,” तो म्हणाला. “आत्ता. इथे, तुमच्यासमोर. तुम्ही प्रत्येक वेळी अडवा मला.”

“नाही.”

“पन्नास वेळा.”

“नाही. आता तोंड उघडायचं नाही. परीक्षक ‘म्हणा’ म्हणतील तेव्हा उघड.”

“गुरुजी, ते हीच जागा विचारणार! गेल्या वर्षी पडलो तिथूनच विचारणार. साऱ्यांना ठाऊक आहे ते.”

“विचारणारच.”

“आणि मी ही चूक अशीच तोंडात घेऊन तिथे जाऊन बसू?”

“हो.”

गुरुजी उठून आत गेले. देवासमोर बराच वेळ बसून राहिले. रात्री ते जेवले नाहीत. हेरंबही नाही. मी एकटा जेवलो, कारण मला भूक लागली होती, आणि त्याची मला लाज वाटली.

प्रतिपदेला पहिल्या एसटीनं हेरंबचे वडील आले. दुसऱ्या दिवशी पहाटे तर त्याला घेऊन पलीकडच्या गावी राममंदिरात जायचं होतं, तिथेच परीक्षा. सोबत त्यांनी बदाम आणले होते, खडीसाखर आणली होती, स्मरणशक्तीचं कसलंसं औषध आणलं होतं. मुलाचा चेहरा बघून हातातली पिशवी तशीच राहिली.

“झोपला नाहीस?”

हेरंबनं मान हलवली. दोन दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“बरोबर आहे, झोप कशी येणार!” वडील म्हणाले. “गुरुजी, एवढा एक दिवस हातात आहे. एकदा सगळं म्हणून घ्या हो त्याच्याकडून. माझी विनंती समजा.”

“आज म्हणायचं नाही, भाऊ.”

“अहो, आजचाच तर दिवस आहे!”

गुरुजी त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. माजघरात गेले, कोपऱ्यातली घोंगडी उचलली, स्वतःच्या हातांनी झटकून अंथरली.

“हेरंब. झोप.”

“आत्ता? सकाळी?”

“आत्ता.”

“मला झोप लागणार नाही.”

“आडवा हो. पुढचं मी बघतो.”

तो आडवा झाला. हट्टानं डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत राहिला. गुरुजी त्याच्या उशाशी भिंतीला टेकून बसले, हातात ताडाचा पंखा. उकाडा मरणाचा होता. थोड्या वेळानं हेरंबचे डोळे मिटले, पण लगेच ओठ हलू लागले.

गुरुजींनी पंखा खाली ठेवला आणि एक बोट त्याच्या ओठांवर ठेवलं.

ओठ थांबले. गुरुजींनी बोट काढलं. ओठ पुन्हा हलले. बोट पुन्हा ओठांवर.

असं किती वेळ चाललं म्हणून सांगू! मी भात टाकला, आमटी फोडणीला टाकली, पानं मांडली, तरी चाललंच होतं. हेरंबला झोप लागली होती आणि झोपेतही तो म्हणत होता. मधूनच त्याची मूठ वळायची, कपाळावर आठ्या यायच्या, आणि ओठ धावायला लागायचे. मग ते सुरकुतलेलं बोट यायचं.

“गुरुजी, पान वाढलंय,” मी हळूच म्हणालो.

त्यांनी नुसती मान हलवली.

वडील अंगणात येरझाऱ्या घालत होते. मध्येच दारात येऊन घड्याळ दाखवायचे, पुन्हा अंगणात जायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “यांचं वय झालंय का रे बापू?” मलाही तीच शंका येत होती.

तीन वाजता मी चहा घेऊन गेलो. गुरुजींचा एक पाय लांब केलेला होता आणि बधिर झाला असावा, ते दुसऱ्या हातानं तो चोळत होते. उठता येत नव्हतं, कारण त्यांच्या उपरण्याचं टोक झोपलेल्या हेरंबनं मुठीत धरलं होतं.

“सोडवू का?” मी विचारलं.

“राहू दे.”

चारच्या सुमाराला कधीतरी ओठ थांबले. मी मुद्दाम उभा राहून बघितलं. तोंड थोडं उघडं, श्वास सावकाश, कपाळ कोरडं. आठ वर्षांचा असताना आला तेव्हा असाच झोपायचा, अंगावरून मांजर गेलं तरी जाग नाही.

गुरुजी तरी उठले नाहीत.

दिवेलागणीला हेरंब ताडकन उठून बसला.

“किती वाजले?”

“दिवे लागले,” गुरुजी म्हणाले.

“दिवे?” त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. “दिवस... दिवस गेला? गुरुजी, अख्खा दिवस गेला!”

“गेला.”

“तुम्ही उठवलं नाहीत मला?”

“नाही.”

“तुम्ही माझा शेवटचा दिवस घालवलात!” तो ओरडला. पाठशाळेत गुरुजींवर कोणी ओरडलेलं ते पहिलं आणि शेवटचं. वडील धावत आत आले.

“घालवला,” गुरुजी म्हणाले. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. “भूक लागलीय?”

हेरंब काहीतरी कडक बोलणार होता. तोंड उघडलं, आणि गप्प राहिला. मग स्वतःचंच नवल वाटल्यासारखा म्हणाला, “हो.”

मऊ भात, मेतकूट, तूप. तीनदा वाढून घेतला त्यानं. आणि मी वाढलं ते काय आहे हे बघून, चव घेत खाल्लं. मग पुन्हा झोपला तो पहाटे मी उठवेपर्यंत.

राममंदिराचा सभामंडप माणसांनी भरला होता. पुढे तीन परीक्षक. मधले सगळ्यांत म्हातारे, जाड भिंगांचा चष्मा. विद्यार्थ्याच्या गुरूनं समोर बसायचं नाही असा तिथला रिवाज, म्हणून गुरुजी मागे, खांबाआड. हेरंबला ते दिसत नव्हते. मी आणि भाऊ, म्हणजे हेरंबचे वडील, त्यांच्या शेजारी.

“गेल्या वर्षीचं राहिलंय तुमचं,” मधले परीक्षक म्हणाले. “तिथूनच सुरू करू या.”

भाऊंनी माझं मनगट धरलं.

“म्हणा.”

हेरंबनं सुरुवात केली. आवाज पुरता सुटला नव्हता, पण स्वच्छ होता. एक घन झाला, दुसरा झाला, तिसरा. मला काही कळत नसलं तरी ती ओळ आता माझ्याही कानात बसली होती. ती आली.

ओळ म्हणून झाली.

आणि हेरंब थांबला.

...

सभामंडपात कोणी खोकलंसुद्धा नाही. आमच्या शास्त्रात थांबणं म्हणजे नामुष्की. विद्यार्थी काहीही म्हणेल, पण थांबणार नाही. शांततेची एवढी भीती की तोंडात येईल ते भरून टाकतात, आणि तिथेच पडतात. गेल्या वर्षी त्यानं तेच केलं होतं.

भाऊंची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

...

डावीकडचे परीक्षक मधल्यांकडे बघू लागले. मधल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आठवत नसेल तर तसं सांगा,” ते म्हणाले.

हेरंबनं डोळे न उघडता मानेनंच नाही म्हटलं. ओठ मिटलेले होते. जराही हलत नव्हते.

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खांबाला डोकं टेकून बसले होते आणि त्यांच्या कपाळावरून घामाची धार लागली होती. या माणसाला भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं.

...

मग हेरंबनं श्वास घेतला आणि पुढचं म्हटलं.

मधल्या परीक्षकांनी हात वर केला नाही. डावीकडच्यांनी नाही, उजवीकडच्यांनी नाही. मान मात्र तिघांची हलायला लागली. भाऊंनी माझं मनगट सोडलं आणि ते तोंड झाकून रडायला लागले.

परीक्षा तीन दिवस चालली. कुठून कुठून विचारलं त्याला! तो आणखी दोनदा थांबला, दोन्ही वेळा तसाच, ओठ मिटून. चुकीचं एक अक्षर म्हटलं नाही.

मी त्याला नंतर विचारलं, त्या वेळी काय झालं होतं? म्हणाला, “दोन्ही वाटा समोर आल्या रे. चुकीची जास्त जवळ होती, पायाखालची झाली होती ना. मी कुठलीच धरली नाही. नुसता बसलो. थोड्या वेळानं ती निघून गेली.”

“आणि गेली नसती तर?”

“तर बसूनच राहिलो असतो,” तो म्हणाला. बढाई नव्हती त्यात. मला तो पहिल्यांदाच आवडला.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही वेळशेतला परतलो. गुरुजी निकाल ऐकून आदल्याच संध्याकाळी पुढे निघून आले होते. ओसरीवर बसले होते. हेरंबच्या खांद्यावर शाल होती, हातात मानपत्र. त्यानं दोन्ही गुरुजींच्या पायांशी ठेवलं आणि लोटांगण घातलं. गुरुजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दोनदा, तीनदा. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत.

भाऊ म्हणाले, “गुरुजी, त्या दिवशी मी मनात तुम्हाला बरंवाईट बोललो. क्षमा करा.”

“मनातच ना? मग झालं.”

हेरंब उठून बसला. सगळ्या दिवसांचा शीण उतरल्यासारखा हसला. “आता आपल्या वेळशेतला दोन घनपाठी झाले, गुरुजी.”

“एक,” गुरुजी म्हणाले.

हेरंबला कळलं नाही. मलाही नाही. सगळा गाव त्यांना घनपाठी म्हणत असे, पत्रंसुद्धा तशीच यायची. त्यांनी स्वतः कधी म्हटलेलं मात्र मला आठवेना.

गुरुजींनी मानपत्र उचललं, त्यावरची धूळ उपरण्यानं पुसली आणि हेरंबच्या मांडीवर परत ठेवलं.

हेरंब मानपत्राकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली. विचारू की नको असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“गुरुजी... तुमच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तुमच्या उशाशी कोण बसलं होतं?”

“कोणीच नाही,” गुरुजी म्हणाले. “दोन्ही वेळा.”